ऑर्डेरिक व्हिटालिस : मठास अर्पिलेल्या मुलाचे शिक्षण

संन्यस्त जीवनाची ओढ ही व्यक्तीची स्वतःची निवड असते, असे आपण गृहीत धरतो. मध्ययुगीन युरोपातील बालअर्पणाच्या प्रथेत ही निवड माता-पिता करीत. बेनेडिक्टच्या नियमावलीतील ५९व्या प्रकरणानुसार अर्पणपत्र व मुलाचा हात वेदीवरील वस्त्रात गुंडाळून विधी होई.

ऑर्डेरिकचा जन्म १०७५ मध्ये इंग्लंडमधील श्रूजबरीजवळ झाला. पाचव्या वर्षापासून तो सिवर्ड नामक धर्मगुरूकडे शिकला. दहाव्या वर्षी पित्याने चांदीचे ३० मार्क देऊन त्याला नॉर्मंडीतील सेंत-एव्रू मठात धाडले. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. मठात त्याला 'व्हिटालिस' हे नवे नाव मिळाले. भोवतालची भाषा मात्र त्याला कळत नव्हती. लॅटिन पठण, स्तोत्रगायन व हस्तलिखितांच्या नकला हेच त्याचे शिक्षण होते.

११०७ मध्ये तो धर्मगुरू झाला. पण त्याची खरी वृत्ती लेखणीत प्रकटली. मठाधिपतींच्या आज्ञेने मठाचा वृत्तान्त म्हणून आरंभिलेले लेखन वाढत जाऊन १३ खंडांचा 'धर्मसभेचा इतिहास' झाला. थंडीने बोटे बधिर झाल्याने आपण लेखन थांबवीत आहोत, अशी नोंदही त्यात आढळते. आज्ञेतून आलेले काम इतके आपलेसे व्हावे, हे विलक्षण होय. तरीही ११४१च्या सुमारास, साठी उलटल्यावर ग्रंथ संपविताना, त्याने बालपणीची ती ताटातूट सविस्तर नोंदविली. याच शतकात सिस्टर्शियन पंथाने लहान मुलांचा स्वीकार नाकारला.