ऑल्ट : चित्राच्या जागी चार शब्द

वेबसाइटवर फोटो चढवताना एक रिकामी चौकट समोर येते : 'ऑल्ट टेक्स्ट'. बहुतेक जण ती तशीच सोडून पुढे जातात. ही अंधांसाठी केलेली सोय, असं आपण धरून चालतो. तिचा जन्म मात्र दुसऱ्याच गरजेतून झाला.

फेब्रुवारी १९९३मध्ये अमेरिकेत मोझेइक ब्राउझर घडवणाऱ्या मार्क अँड्रीसनने पानात चित्र बसवायला 'आयएमजी' हा टॅग सुचवला. त्यात चित्राचा पत्ता तेवढा होता. पण तेव्हा कितीतरी लोक लिंक्ससारखा, निव्वळ अक्षरं दाखवणारा ब्राउझर वापरत. त्यांच्या पडद्यावर चित्र उमटायचंच नाही. त्यांच्यासाठी त्याच वर्षी जूनमध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांच्या, वेबची पानं लिहायच्या एचटीएमएल या भाषेच्या मसुद्यात 'ऑल्ट' आला : चित्राऐवजी दाखवायचे शब्द. तोही ऐच्छिक.

अंध वाचकांना हे घर आयतंच मिळालं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, ऑल्ट वाचता येतो. १९९७च्या एचटीएमएल ४मध्ये तो सक्तीचा झाला, १९९९च्या वेब-सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक सूचनांत त्याला अगदी पहिलं स्थान मिळालं. त्याच वर्षी ब्रूस मॅग्वायर या अंध ऑस्ट्रेलियन नागरिकाने सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटविरुद्ध तक्रार केली. चित्रांना ऑल्ट नाही, हा त्यातला एक मुद्दा. स्पर्धेच्या तोंडावर निकाल त्याच्या बाजूने लागला. आयोजकांनी तो पुरता पाळला नाही, तेव्हा २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. एवढ्या पैशांत किती चौकटी भरून झाल्या असत्या!

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती रिकाम्या ऑल्टची. चित्र नुसतं शोभेचं असेल, तर दोन अवतरणचिन्हं लिहायची, मधे काही नाही. स्क्रीन रीडर गुमान पुढे सरकतो. ऑल्टच लिहिला नाही, तर बरेचदा तो फाइलचं नाव वाचत सुटतो : 'आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक नऊ…'. म्हणजे इथे गप्प बसायचं असेल, तर तेही लिहून सांगावं लागतं.

आपल्याकडे फॉन्टच्या भानगडीमुळे मराठी मजकूर चित्र करून टाकायची जुनी खोड आहे. युनिकोडने ती भानगड मिटवली, खोड राहिली. परवा एका शाळेच्या वेबसाइटवर परिपत्रक पाहिलं. सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेलं, फी भरायची शेवटची तारीख लाल शाईने अधोरेखित. ऑल्ट होता, बरं का. एकच शब्द : 'सूचना'.