कचरा डेपो हटला, जागा मोकळी झाली. घरकुल-अंगणवाडीआधी माती आणि पाणी तपासून घ्या

तालुक्याच्या गावांमध्ये सध्या जुने कचरा डेपो उचलायची कामं सुरू आहेत. 1 ऑक्टोबर 2021 ला स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 सुरू झालं, त्यात जुन्या कचऱ्याचे ढीग हटवायला निधी आहे. ढीग गेला की गावाला लागून दोन-चार एकर मोकळी जागा दिसते आणि लगेच मागण्या येतात. कुणाला घरकुलं पाहिजेत, कुणाला अंगणवाडी, पोरांना क्रीडांगण. डेपो बहुतेक ठिकाणी गरीब वस्तीच्या अंगालाच असतो. इतकी वर्षं धूर आणि माश्या त्याच लोकांनी सोसल्या, म्हणून जागेवर पहिला हक्क त्यांचाच. मागणी रास्त आहे. फक्त तिथे काय बांधायचं, हे जमिनीच्या तपासणीनंतर ठरलं पाहिजे.

ढीग उचलतात म्हणजे काय करतात?

या कामाला बायोमायनिंग म्हणतात. ढीग फोडून लांब रांगा लावतात, जिवाणूंचं द्रावण फवारतात, जेसीबीने वरखाली करतात आणि वाळल्यावर फिरत्या चाळणीतून काढतात. प्लास्टिक-चिंध्या सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळायला जातात, दगड-विटा भरावाला. खाली उरते बारीक काळसर माती.

ही माती दिसायला शेणखतासारखी, आणि बऱ्याचदा ती शेतकऱ्याला फुकट देऊ करतात. मी स्वतः शेती करतो, म्हणून स्पष्ट सांगतो, रिपोर्ट बघितल्याशिवाय एक ट्रॉलीसुद्धा शेतात टाकू नका. त्या ढिगात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा सगळं पडलेलं असतं. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिल्या आहेत. एका किलोत शिसं 100 मिलिग्रॅमपर्यंत, कॅडमियम 5, क्रोमियम 50, निकेल 50, आर्सेनिक 10. यापेक्षा जास्त निघालं तर ते खत म्हणून देता येत नाही. काचेचे तुकडे वेगळेच, ते औताला नाही तर पायाला लागतात.

खालच्या जमिनीचं काय?

वीस-पंचवीस पावसाळे कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी जमिनीत गेलेलं असतं. ढीग हलला तरी ते तिथंच राहतं. म्हणून तपासणीची सुरुवात कागदापासून करायची. सातबारा, जुने फेरफार आणि नगरपंचायतीचे ठराव काढा. डेपोच्या आधी तिथे काय होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. चामडं कमवायची जागा होती का, औषधांचं गोदाम, गॅरेज, बॅटऱ्या फोडायचं काम? गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं दिसतात, कुठल्या कोपऱ्यात कचरा पेटवायचे आणि पाणी कुठे साचायचं हे त्यावरून कळतं. नमुने कुठून घ्यायचे ते याच माहितीवर ठरतं. नाहीतर प्रयोगशाळेचा माणूस येतो, फाटकाजवळची पिशवीभर माती नेतो आणि रिपोर्ट चांगला येतो.

जागेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून माती घ्यावी लागते. वरच्या अर्ध्या फुटाचा नमुना वेगळा आणि खालच्या थरांचे वेगळे. वरचा थर लेकरांसाठी महत्त्वाचा. लहान मूल मातीत खेळतं, हात तोंडात घालतं, आणि शिसं पोटात गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. खालचे थर विहिरीसाठी बघायचे.

एक नमुना डेपोपासून लांबच्या, कधीच कचरा न पडलेल्या शिवारातून घ्यायलाच पाहिजे. आपली जमीन काळ्या पाषाणाची, तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. तुलनेचा नमुना नसेल तर आकडा डेपोमुळे आला की खडकामुळे, हे सांगता येत नाही. मग कंत्राटदार म्हणतो सगळं नैसर्गिक आहे, आणि गाव म्हणतं सगळं विष आहे.

पाण्याचंही तसंच. बेसॉल्टमध्ये पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहतं. लागूनची विहीर चांगली आणि पार ओढ्यापलीकडचा बोअर खराब, असंही होऊ शकतं. त्यामुळे उताराच्या बाजूच्या सगळ्या विहिरी-बोअर, हातपंपासकट, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासाव्यात. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला शिसं 0.01 मिलिग्रॅम आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, पाण्याचा उतार कुठे आहे ते तिथले लोक सांगू शकतात.

बांधायचं काय?

काही ठिकाणी ढीग उचलत नाहीत, त्यावरच माती टाकून जागा बंद करतात. अशा जागेबद्दल 2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. बंद केल्यावर पंधरा वर्षं देखरेख, आणि त्यानंतरही गॅस, झिरपणारं पाणी आणि जमिनीची स्थिरता तपासूनच वस्तीचा विचार करायचा. कारण आतला कचरा कुजत राहतो, जमीन खचते आणि मिथेन तयार होतो. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. मुंबईत मालाडला जुन्या डंपिंगच्या जागेवर ऑफिसांचं मोठं संकुल उभं राहिलं, तिथे जमिनीतून येणाऱ्या गॅसमुळे कॉम्प्युटर खराब व्हायला लागले होते. तिथे मशीन बदलायला पैसा होता. घरकुलात पत्र्याखाली झोपणाऱ्याकडे काय आहे?

सगळीच जागा वाया जाते असं नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने डेपोच्या जागेतच कचरा वर्गीकरण आणि प्रक्रिया केंद्र उभं केलं, झाडं लावली, आता लोक बघायला जातात. रिपोर्ट मध्यम आला तर गोडाऊन, वाहनतळ, सौर पॅनेल, झाडं चालतात. भाजीपाला, खेळाचं मैदान आणि घरं यांना सगळ्यात कडक निकष लावायचे. खराब कोपरा असेल तर तेवढी माती काढून बाहेरची चांगली माती भरता येते, हे काम अंदाजपत्रकात आधीच धरावं लागतं.

कायदा कुठला?

केंद्राने जुलै 2025 मध्ये प्रदूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राथमिक तपासणी करायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा. नुसता घनकचरा यात येत नाही, पण डेपोत घातक रसायनं ठरलेल्या पातळीच्या वर सापडली तर हे नियम लागू होतात. म्हणजे पुन्हा सगळं तपासणीवरच अडतं.

वस्तीतल्या लोकांनी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. अर्जात प्रकल्प अहवाल, नमुने घेतलेल्या जागांचा नकाशा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा मूळ रिपोर्ट मागावा. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात मागता येतो. नमुने घेताना वस्तीतली दोन माणसं हजर ठेवून पंचनामा करून घ्यावा. आणि हे सगळं बांधकामाचा कार्यारंभ आदेश निघायच्या आधी, कारण पाया खोदल्यावर काम थांबवायला कुणीच तयार होत नाही, घरकुलाचा पहिला हप्ता मिळालेले लाभार्थीसुद्धा नाहीत.