काउंटेसची वेशभूषा आणि छायाचित्राचे कर्तृत्व

छायाचित्रकार हा कर्ता आणि कॅमेऱ्यासमोरील व्यक्ती हा केवळ विषय, अशी विभागणी छायाचित्रविषयक समीक्षेत बहुधा गृहीत धरली जाते. कोणता वेश धारण करावा, देहाचा कोणता भाग अनावृत असावा, याविषयी दोघांत जे ठरते ते व्यवहाराच्या खात्यात जमा होते; संहितेचा भाग म्हणून त्याचा विचार होत नाही. हे गृहीतक किती अपुरे आहे, हे काउंटेस द कास्तिल्योने या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया ओल्दोइनी (१८३७–१८९९) हिच्या छायाचित्रांवरून दिसते.

इटलीतून पॅरिसला आलेली ही स्त्री काही काळ तिसऱ्या नेपोलियनची प्रेयसी होती. १८५६ पासून ती 'मायेर आणि प्येरसाँ' या चित्रशाळेत छायाचित्रे काढवून घेऊ लागली आणि मोठ्या खंडांसह हा क्रम १८९५ पर्यंत चालला. चारशेहून अधिक प्रतिमा तयार झाल्या. वेश, पवित्रा, शीर्षक, क्वचित छायाचित्रावरील रंगकामही तीच ठरवी. प्येर-लुई प्येरसाँ हा येथे जवळजवळ लेखनिक ठरतो. मर्यादा आखण्याचा अधिकार, निदान चित्रशाळेच्या चार भिंतींत, तिच्याकडे होता.

परंतु या करारात नसलेला एक तिसरा पक्ष असतो : प्रेक्षक. १८६३ मध्ये एका खासगी समारंभातील सजीव देखाव्यात ती अल्पवस्त्र अवतरणार, अशी निमंत्रितांची अपेक्षा होती. ती आली जोगिणीच्या वेशात, आणि मंडळी नाराज झाली. पुढे त्याच वेशात तिने छायाचित्रही काढवून घेतले. त्याच वर्षी दरबारी नृत्यसमारंभातील तिच्या 'एत्रुरियाची राणी' या वेशाविषयी अश्लीलतेची कुजबुज उठली. यावर तिने तोच वेश पुन्हा चढवला, हाती खंजीर घेतला आणि मुलाचा ताबा घेण्याची धमकी देणाऱ्या विभक्त पतीकडे ते छायाचित्र धाडले. 'सूड' हे त्याचे शीर्षक. वस्त्र येथे अलंकरण उरत नाही; ते प्रत्युत्तराचे विधान होते.

याच स्त्रीने स्वतःच्या उघड्या पायांचीही छायाचित्रे काढवून घेतली. ॲबिगेल सॉलोमन-गोडो यांनी १९८६ मध्ये 'ऑक्टोबर' या नियतकालिकातील निबंधात नर्तिकांच्या व कामोद्दीपक चित्रांच्या तत्कालीन बाजाराशी या प्रतिमांचा संबंध जोडला. काउंटेस स्वतःकडे पाहते तीही पुरुषी नजरेच्या व्याकरणातूनच, हा त्यांचा मुद्दा नाकारणे कठीण आहे. तथापि व्याकरण उसने असले म्हणून वाक्य बोलणाऱ्याचे नसते, असे म्हणता येत नाही. (भाषेविषयी हे आपण सहज मान्य करतो, छायाचित्राबाबत मात्र का कचरतो, हे कोडेच आहे.) जोगिणीचा वेश आणि उघडे पाय एकाच संग्रहात शेजारी नांदतात. कुठे झाकायचे आणि कुठे उघडायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घेतला गेला, हे त्या शेजारातून कळते. एकेक प्रतिमा सुटी पाहून ते कळत नाही.

आपली छायाचित्रे १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात मांडावीत, अशी तिची योजना होती. ती १८९९ मध्येच वारली. नंतर कवी रोबेर द माँतेस्क्यू याने ही छायाचित्रे मोठ्या संख्येने मिळवली आणि १९१३ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यातील काउंटेस दैवी आहे, लोकोत्तर आहे. खंजीर कोणाला धाक घालण्यासाठी धरला होता, हा प्रश्न त्या आराधनेत मागे पडला.