वाकड्या हेझलची सरळ गोष्ट

हेझलनट म्हटलं की आपल्याला कॉफी आणि चॉकलेट आठवतं. आज त्याच्या झाडाबद्दल बोलूया, तेही एका वाकड्या झाडाबद्दल.

साधारण १८६३ साल. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या एका झाडांच्या कुंपणात हेझलचं विचित्र झुडूप सापडलं. फांद्या स्प्रिंगसारख्या पिळलेल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बग म्हणू! पण लोकांनी ते जपलं, वाढवलं. पुढे ई. ए. बोल्स यांनी लंडनजवळ एनफिल्डच्या आपल्या बागेत चमत्कारिक झाडांसाठी वेगळा कोपराच ठेवला; तिथे या हेझलला मानाची जागा मिळाली. स्कॉटिश विनोदी गायक हॅरी लॉडर अशीच वाकडी काठी घेऊन स्टेजवर यायचा, म्हणून झाडाला त्याच्या काठीचं नाव पडलं.

बोन्सायवाल्यांना यात पीळ आयताच मिळतो. पण बी पेरलं तर तो उतरेलच असं नाही. म्हणून साध्या हेझलवर याचं कलम बांधतात. मग खालून सरळ, जोमदार फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत, तर साधं झाड वाकड्याला दाबून टाकतं.

दीडशेहून जास्त वर्षं हा पीळ टिकलाय, कारण दरवर्षी कुणीतरी ते फुटवे काढत आलंय. तुमच्या कुंडीतही तेच करावं लागेल. चला, भेटू पुढच्या भागात!