झिजलेली अक्षरं

हॉटेलचं मेन्यूकार्ड, ढोलपथकाचा टी-शर्ट, सिनेमाचं पोस्टर... हल्ली बघाल तिथे खरवडलेली अक्षरं! कोरड्या ब्रशने ओढल्यासारखी, कडा तुटलेल्या, मधेच रंग उडालेला. इंग्रजीवाले याला ‘डिस्ट्रेस्ड’ फॉन्ट म्हणतात. नवंकोरं अक्षर मुद्दाम म्हातारं करायचं, असा हा उद्योग.

खरी म्हातारी अक्षरं बघायची तर आमच्या नाशिकला पांडवलेण्यांत या. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. गंमत म्हणजे या अक्षरांना शिरोरेषाच नाही. काहींच्या डोक्यावर नुसतं जाडसर टोक. पुढच्या काही शतकांत तीच टोकं रुंदावत गेली आणि त्यातून आपली शिरोरेषा आली.

आणि झिजका देवनागरी फॉन्ट करणाऱ्याची खरी डोकेदुखी हीच शिरोरेषा! रोमन अक्षरं सुटी असतात, हवी तशी खरवडा. आपल्याकडे एका अक्षराची रेघ पुढच्याला जुळावी लागते. दोन्हीकडच्या कडा वेगवेगळ्या तुटल्या तर सांध्यावर पायरी दिसते.

दुसरी अडचण आम्हा प्रोग्रॅमर लोकांना लगेच कळेल. साध्या फॉन्टमध्ये एका अक्षराचा एकच साचा. ‘नवीन नाशिक’ लिहा, तिन्ही ‘न’वर ओरखडा तंतोतंत त्याच जागी! चोरी पकडली गेली. उपाय आहे: प्रत्येक अक्षराचे दोन-तीन साचे करायचे आणि ओपनटाइपच्या नियमांनी ते आलटून पालटून वापरायचे. पण जोडाक्षरं धरून साचे आधीच शेकड्यांनी, त्यांची तिप्पट कोण करणार? शिवाय आकार लहान केला की ओरखडे बुजतात आणि नुसती घाण दिसते. म्हणून हे फॉन्ट चार शब्दांच्या मथळ्यापुरतेच. परिच्छेदासाठी र. कृ. जोशींच्या ‘मंगल’सारखा साधा फॉन्टच बरा. (तो विंडोज २००० बरोबर आला आणि कित्येकांनी संगणकावर पहिलं मराठी त्यातच वाचलं.)

हाताने लिहिणाऱ्याला मात्र यातलं काहीच आडवं येत नाही. कमल शेडगे (१९३५-२०२०) नाटकांची नावं जाहिरातींसाठी हाताने रेखाटायचे, त्या त्या नाटकाच्या स्वभावाप्रमाणे. तिथे एका नावातले दोन ‘न’ वेगळे काढायला कुठला नियम लिहावा लागत नाही.

पण फ्लेक्स आला आणि गावोगावच्या पेंटरांचं काम गेलं. म्हणजे बघा, माणूस घरी बसला आणि त्याच्या ब्रशची नक्कल बाजारात चालली. दिल्लीच्या हनीफ कुरेशीने (निधन २०२४) निदान रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे फॉन्ट केले आणि त्यांना त्या पेंटरांचीच नावं दिली. मला हे फार आवडलं. कारण ओपन सोर्समध्येसुद्धा मूळ लेखकाचं नाव पुसायचं नसतं, नाही का?

तेव्हा पुढच्या वेळी पाच अक्षरांचा लोगो हवा असेल, तर फॉन्ट शोधत बसू नका. जवळपास अजून एखादा पेंटर असेल. त्याच्याकडून लिहून घ्या, पैसे द्या आणि स्कॅन करा. ओरखडे अस्सल मिळतील.