मिरचीआधीची फोडणी

तळहातांना तेल चोपडलंय, तरीही चिकाने तुमची दोन बोटं एकमेकांना धरून ठेवली आहेत. मे महिना, सकाळचे दहा, गाव पण्रुट्टी. कडलूर जिल्ह्यातल्या या तांबड्या मातीत फणसाला तोटा नाही. रस्त्याच्या कडेला ते असे पडलेत, जणू उन्हाला कंटाळून बसलेली मेंढरं. गरे केव्हाच फस्त झाले. आता घरची आजी, तिला इथे पाट्टी म्हणायचं, परातभर बिया तुमच्यापुढे सरकवते. पलाक्कोट्टै. पला म्हणजे फणस, कोट्टै म्हणजे बी. आपल्याला आठळ्या काय शिकवायच्या, असं तुमच्या मनात येतं आणि तुम्ही अख्खी आठळी उचलून पाण्यात टाकता.

पाट्टी ती बाहेर काढते. दगडी बत्त्याचा एक हलका ठोका. टक. वरचं पांढरं, कडक साल तडकतं, ते ती नखाने ओढून काढते. आतली तांबूस पातळ साल तशीच ठेवते. मग विळीवर उभा काप. अख्खी आठळी विस्तवावर टाकली तर काय होतं ते ती एका शब्दात सांगते: "वेडिक्कुम्." फुटेल. मराठी कानाला त्यात 'वेडी' ऐकू येतं, आणि चुकीचंही वाटत नाही.

हळद-मीठ घालून कुकरच्या तीन शिट्ट्या. तोवर कढईत तिळाचं तेल तापतं. त्याला ती नल्लेण्णै म्हणते, म्हणजे शब्दशः 'चांगलं तेल'. बाकीच्या तेलांबद्दल तिचं काय मत आहे ते त्यातच आलं. मोहरी तडतडली की उडदाची डाळ, ती बदामी झाली की हिंग. हिंगाला इथे हात चांगलाच सैल सोडतात. आठळ्या खाऊन ज्याचं पोट रात्री वाजलं नाही, त्याने आठळ्या खाल्ल्याच नाहीत. मग कढीपत्ता, बोराएवढे कांदे, अर्धा टोमॅटो, दोन चमचे सांबार पूड. शिजलेल्या आठळ्या निथळून यात पडतात आणि इथून पुढे घाई चालत नाही. विस्तव मंद. उलथनं दर दोन मिनिटांनी, त्याच्या आधी नाही. मसाला आधी आठळीला चिकटतो, मग सुकतो, मग चिरेत शिरून तांबडा-काळा होतो. एक तोंडात टाका: बाहेरून खरपूस, आतून पिठूळ, रताळं आणि उकडलेला भुईमूग यांच्या मधलं काहीतरी. हे रसम-भाताशेजारी, केळीच्या पानाच्या वरच्या अंगाला.

निघताना तुम्ही मूठभर कच्च्या आठळ्या खिशात टाकता. परसाचं दार उघडता. उंबरा जरा उंच आहे, जपून.

पहिली गायब होते ती शिट्टी. साल 1951, मद्रासमधलं मैलापूर. भारतात कुकर बनू लागायला अजून आठ वर्षं आहेत. एक नवी सून पितळी पातेल्यासमोर तासभर बसली आहे आणि तिच्या मांडीवर यंदाच छापलेलं पुस्तक: एस. मीनाक्षी अम्माळ यांचं 'समैत्तुप् पार', म्हणजे 'शिजवून बघ'. आपली 'रुचिरा' यायला अजून 19 वर्षं आहेत, हे तुम्ही तिला सांगून उपयोग नाही. ती आठळीला सुरी टोचून बघते, मान हलवते, शिवकाशीची काडी ओढून विझलेली चूल पुन्हा पेटवते. शिवकाशीत काड्यापेटीचा धंदा 1923 मध्ये सुरू झाला. पुढच्या घरात तुम्हाला ती काडीही मिळणार नाही.

पुढचं घर तंजावरातलं आहे. 1825. विस्तव शेजारणीकडून खापरात मागून आणलेला आहे, आणि ज्या बाईने तो आणलाय ती तुम्हाला चक्क मराठीत विचारते, "कोठून आलेत?" तुम्ही दचकता. दचकू नका. व्यंकोजीराजांनी इथे गादी मांडून दीडशे वर्षं होत आली. गादीवर सरफोजीराजे दुसरे आहेत, आणि या बाईच्या सासऱ्यांचा पगार वाड्यातून येतो. तिची मराठी जुन्या कागदपत्रांसारखी ठाशीव, मधेच तमिळ हेल काढणारी. सांबार म्हणे संभाजीराजांच्या नावावरून, ही गोष्ट तुमच्या ओठावर आलेली दिसते. गिळून टाका. ती सांगोवांगी आहे आणि इथे काम चाललंय.

टोमॅटो नाही. त्याच्या जागी चिंचेचा कोळ. पाट्यावर, म्हणजे अम्मीवर, ओलं खोबरं, धणे आणि सुकी लाल मिरची वाटली जातेय. वरवंट्याच्या प्रत्येक फेरीला मिरचीचा भपका वर येतो आणि पोरं शिंकतात. भांडं दगडी आहे, काळं, जड: कल्-चट्टि. चुलीवरून उतरवलं तरी त्यातला रस्सा कितीतरी वेळ रटरटत राहतो, त्यामुळे आठळ्यांचा शेवटचा भाग विस्तवाशिवायच शिजतो. शेवटी ती इकडेतिकडे बघून गुळाचा खडा टाकते. शेजारची तमिळ मामी बघत नाहीये ना, याची खात्री करून.

वाड्यातल्या पाककृती मराठीत लिहिलेल्या आहेत. 'सरभेंद्र पाकशास्त्र' ही पोथी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. ती पुन्हा कधीतरी. जेवून झाल्यावर तुम्ही बृहदीश्वराच्या आवाराकडे चालू लागता. भिंतीवर मराठी अक्षरं. भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास, 1803 मध्ये सरफोजीराजांनी कोरून घेतलेला, ओळींमागून ओळी. तुम्ही बोट टेकवून वाचायला लागता. दुपारचा दगड पोळतोय, म्हणून क्षणभर डोळे मिटता.

उघडता तेव्हा बोटाखाली दगड कोरा आहे.

साल 1010. राजराज चोळाने बांधलेल्या मंदिराच्या शिखरावर नुकताच कळस चढला आहे. बाहेर गवंडी, पाथरवट, हत्ती, आणि या सगळ्यांना खायला लागतं. एका मांडवात चूल धडधडतेय. तुम्ही खिशातल्या आठळ्या पुढे करता, बाई हसते, तिच्याकडे टोपलीभर आहेत. ठोका, साल, काप. हात अगदी पाट्टीचेच. तुम्ही खुणेने मिरची मागता. बोटाने लांबट आकार काढता, जीभ बाहेर काढून हाशहुश करता. तिला वाटतं तुम्हाला भाजलं.

मिरची नाही. पोर्तुगीज यायला पाचशे वर्षं आहेत, आणि मिरची त्यांच्या मागून अमेरिकेतून येणार. ती आली तेव्हा तमिळ माणसाने तिला जे नाव दिलं त्यात आधीच्या मालकाचं नाव तसंच राहिलं: मिळगु म्हणजे मिरी, काय् म्हणजे कच्चं फळ, म्हणून मिळगाय्. आपण तरी वेगळं काय केलं? मिरी, मिरची. या तिखटाची ओळख दोन्ही भाषांनी जुन्या तिखटाच्या नात्याने करून घेतली. इथे, 1010 मध्ये, ते नातं अजून जुळायचं आहे. बाई मिरी भरडते, जाडसर. तुपात मोहरी, जिरं, मग मिरी, मग आठळ्या, चिंच, मीठ. या मंदिराच्या शिलालेखांत देवाच्या नैवेद्यासाठी हेच जिन्नस मापून दिलेले आहेत: मिरी, मोहरी, जिरं, चिंच, तूप. तुम्ही एक आठळी खाता. मिरचीचं तिखट जिभेच्या टोकाला डसतं. हे तसं नाही. हे आधी नाकात जातं, मग घशाशी जाऊन बसतं, आणि बराच वेळ तिथून हलत नाही. खरं सांगायचं तर पिठूळ आठळीला हेच तिखट जास्त शोभतं. पाट्टीला हे सांगायची माझी हिंमत नाही.

अजून एक उंबरा. हा दगडाचाही नाही, नुसता डोंगरकडा आहे.

परंबु डोंगर. संगमकाळ, जुन्या तमिळ कवितांचा काळ. इथला धनी पारी, मोगऱ्यासारख्या एका वेलीला चढायला आधार म्हणून स्वतःचा रथ देऊन टाकणारा. खाली डोंगराला वेढा पडलाय, चेर, चोळ आणि पांड्य तिघांचाही. पारीचा मित्र कपिलर कवी आहे. वेढ्याने काही साधणार नाही, असं त्याने आपल्या कवितेत शत्रूला बजावलंय: इथे नांगराशिवाय चार गोष्टी मिळतात. वेळूचं धान्य, फणस, कंद आणि मध. यादी छान आहे. पण तुम्ही स्वयंपाकघरांतून आलेली माणसं, तुमच्या लगेच लक्षात येतं की तिच्यात मीठ नाही. मीठ समुद्राकडून येतं, उमणर लोकांच्या बैलगाड्यांतून. आणि तीन राजांच्या सैन्यातून गाडी वर कुठून येणार?

रात्र आहे. एक बाई आणि तीन पोरं निखाऱ्यांभोवती बसली आहेत. ना भांडं, ना तेल, ना मीठ, ना मिरी. ती प्रत्येक आठळीचं टोक दातांनी तोडते, थुंकते, आणि आठळी काडीने राखेत ढकलते. काळी झालेली एक ती तुमच्यासमोर टाकते. या हातातून त्या हातात उडवत तुम्ही सोलता. आतून वाफ, धुराचा वास, आणि एक बारीक गोडवा, जो इतक्या मसाल्यांखाली तुम्हाला आजवर लागलाच नव्हता.

आपलंही काही द्यावं म्हणून तुम्ही खिशात हात घालता. एकच उरली आहे. ती तुम्ही निखाऱ्यात टाकता. अख्खी.

बाईचा हात पुढे येतो, पण उशीर झालेला असतो. राख उडते, पोरं मागे कोलमडतात आणि हसू दाबतात. आवाज डोंगरावरून खाली जातो. तळावर कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागतं.