पर्यावरणपूरक संसर्ग-नियंत्रण, दंतचिकित्सेतील

साथीच्या काळात दातांच्या दवाखान्यातून रोग पसरू नये आणि त्यासाठी वापरलेले प्लास्टिक, रसायने व जाळावा लागणारा कचराही कमीत कमी राहावा, यासाठीची कार्यपद्धती. कोविड-१९ च्या साथीत ती निकडीची झाली. ही नोंद प्रामुख्याने नागपूरच्या संदर्भात आहे.

नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. दोन आठवड्यांत टाळेबंदी लागली. शहरात १९६८ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा परिसरात खासगी दंत महाविद्यालये आहेत आणि गल्लोगल्ली एका खुर्चीचे दवाखाने. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना १९ मे २०२० रोजी काढल्या. त्यांचा भर तातडीचेच उपचार करण्यावर आणि तुषार उडवणारी कामे टाळण्यावर होता.

दंतवैद्याची मुख्य अडचण हे तुषारच. दात कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. तो तापू नये म्हणून सोडलेले पाणी लाळ आणि रक्तात मिसळून बारीक कणांच्या रूपाने हवेत तरंगत राहते. ते उडाल्यावर खोली रसायनांनी धूत बसण्यापेक्षा उडूच न देणे शहाणपणाचे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यासाठीचे एक साधन जुनेच आहे. रबर डॅम म्हणजे लॅटेक्सचा हातरुमालाएवढा पातळ पडदा. त्याला भोक पाडून दात तेवढा वर काढायचा आणि क्लॅम्पने पडदा दाताच्या मानेशी अडकवायचा; लाळ मागेच राहते. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ मध्ये वापरात आणला. जोडीला जोरदार सक्शन हवे. किडीचा खड्डा लहान असेल तर एअरोटरला हातही लावावा लागत नाही. हाताच्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या खेड्यांसाठी विकसित झाली. तिच्यात फवारा नाही, चांदीच्या भरावातला पाराही नाही. साथीत तिचा झाला त्याहून कितीतरी जास्त वापर व्हायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

अवजारांसाठी ऑटोक्लेव्ह सर्वांत स्वच्छ. १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ पंधरा मिनिटांत जंतू मारते आणि मागे उरते ते पाणी. ग्लुटारल्डिहाइडसारखी द्रावणे डोळे-घसा चुरचुरवतात आणि शेवटी गटारात जातात. नागपुरात गटाराची वाट बहुतेकदा नाग नदीकडे जाते. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट फरशी पुसायला उपयोगी, पण सक्शनच्या नळीत ओतू नये. दातात भरलेली जुनी, पारा मिसळलेली चांदी काढताना तिचे कण त्या नळीत अडकतात. क्लोरीनमुळे त्यांतला पारा सुटून सांडपाण्यात उतरतो. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्राने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते.

कचऱ्याचे गणित रंगांवर चालते. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार पिवळ्या पिशवीतला बहुतेक कचरा भट्टीत जळतो, तर लाल पिशवीतला वाफेने निर्जंतुक होऊन, तुकडे करून पुनर्वापराला जातो. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळाले की डायॉक्सिन तयार होण्याची भीती, म्हणून पिशव्याही क्लोरीनविरहितच हव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० मध्ये कोविड कचऱ्याची वाटणी स्पष्ट केली: गॉगल, फेसशिल्ड, प्लास्टिकचे अंगभर झगे आणि नायट्राइल मोजे लाल पिशवीत, वापरलेले मास्क, टोप्या आणि बुटांची आवरणे पिवळ्या पिशवीत. दिवसाअखेर संरक्षक किट उतरवताना घामाने भिजलेला मदतनीस सगळे एकाच पिशवीत कोंबतो, तेव्हा पुनर्वापराला जाऊ शकणारे प्लास्टिकही जळायला जाते. त्याला दोन पिशव्या हाताशी आणि पाच मिनिटे निवांत मिळाली पाहिजेत.

हवेच्या बाबतीत नागपूरचा खिडकीतला कूलर कामाचा ठरतो. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. इशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये कूलरला बाहेरचीच हवा मिळावी, असे सुचवले होते. समोरची खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू मात्र हवा, नाहीतर मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत किट घातलेल्या डॉक्टरचे हाल होतात.

कचरा वाचवणारा उपाय चाचणीतही निघाला. याच शहरातल्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोविडची आरटी-पीसीआर चाचणी करण्याची पद्धत शोधली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती २०२१ मध्ये मान्य केली. रुग्ण स्वतःच गुळणी करून नळीत टाकतो. नाकात घालायची काडी नको, ती बुडवायचे खास द्रावण नको आणि नमुना घ्यायला किट घातलेला माणूसही लागत नाही.